फर्मानापासून मतदानापर्यंत : हैदराबाद राज्याच्या नेतृत्वनिवडीचा इतिहास (१९४७–१९५६)

प्रस्तावना :

राज्याचा प्रमुख कोणी निवडावा, हा प्रश्न शांततेच्या काळात केवळ कार्यपद्धतीचा वाटतो. क्रांतीच्या काळात मात्र तोच प्रश्न सत्तेच्या मुळाशी जाऊन भिडतो. जुनी सत्ता मोडते, नवी अद्याप उभी राहिलेली नसते आणि मधल्या अवकाशात फर्मान, जमाव, लष्कर, नियुक्ती व मतदान असे अनेक मार्ग एकाच वेळी हक्क सांगू लागतात. मराठवाड्याच्या जनतेने हे सर्व मार्ग पाच वर्षांच्या अल्पावधीत अनुभवले. नोव्हेंबर १९४७ ते मार्च १९५२ या काळात हैदराबाद राज्याचे शासन चार वेळा बदलले आणि प्रत्येक वेळी शासनप्रमुख ठरविण्याची रीत निराळी होती.

हैदराबाद मुक्तिसंग्रामाविषयी मराठीत विपुल लेखन झालेले आहे. सत्याग्रह, सरहद्दीवरील कॅम्प, रझाकारांचे अत्याचार व पोलीस कारवाई या विषयांवर स्मृतिग्रंथ व आत्मचरित्रे उपलब्ध आहेत. तथापि या संग्रामाची मूळ मागणी 'जबाबदार राज्यपद्धती' ही होती आणि ती प्रत्यक्षात कशी उतरली, याकडे तुलनेने कमी लक्ष गेले आहे. १७ सप्टेंबर १९४८ या दिवसापाशी आपले कथन बहुधा थांबते. वस्तुतः त्या दिवशी निजामाची सत्ता संपुष्टात आली; लोकनियुक्त शासन येण्यास आणखी साडेतीन वर्षे लागली. प्रस्तुत निबंधात या साडेतीन वर्षांसह त्यांच्या मागचा व पुढचा काळ तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

उद्दिष्टे व पद्धती :

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे तीन आहेत. १) १९४७ ते १९५२ या काळात हैदराबाद राज्याचा शासनप्रमुख कोणत्या रीतीने ठरत गेला, याचा क्रम लावणे. २) विधिमंडळातील बहुमताच्या आधारे नेता निवडण्याच्या पद्धतीने नेमका कोणता फरक पडला, याची मीमांसा करणे. ३) या पद्धतीच्या मर्यादा स्पष्ट करणे. त्यासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रत्येक टप्प्याला तीन प्रश्न विचारले आहेत : नेता कोणी निवडला? तो कोणाला उत्तरदायी होता? त्याला जाब विचारण्याची जागा कोणती होती?

निजामी राज्यातील विधिमंडळ व लोकचळवळ :

आज लातूर जिल्ह्यात असलेला किल्लारीचा परिसर तेव्हा उस्मानाबाद (आजचा धाराशिव) व बिदर या जिल्ह्यांच्या सीमाभागात होता. पश्चिमेला ब्रिटिशांचा सोलापूर जिल्हा होता. तेथे प्रांतिक कायदेमंडळाच्या निवडणुका होत, १९३७ मध्ये मुंबई प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळही आले. सीमेच्या अलीकडे मात्र सभा घेण्यासाठीसुद्धा परवानगी लागे. एकाच भाषेच्या, एकाच सणावारांच्या माणसांमध्ये असलेला हा राजकीय फरक सीमाभागातील सुशिक्षितांना रोज जाणवत असे.

हैदराबाद संस्थानात कायदेमंडळ नव्हते असे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ते अस्तित्वात होते, परंतु त्याचे स्वरूप सल्लागारी होते. अरवमुदू अय्यंगार समितीच्या शिफारशींनंतर १९३९ मध्ये राजकीय सुधारणा जाहीर झाल्या. त्यांत प्रादेशिक मतदारसंघांऐवजी जहागीरदार, शेतकरी, व्यापारी, वकील अशा व्यवसायगटांना प्रतिनिधित्व देण्याची योजना होती, तसेच हिंदू व मुस्लिम यांना समसमान जागा देण्याचे तत्त्व होते. लोकसंख्येत मोठ्या बहुसंख्येने असलेल्या समाजाला हे मान्य होणे शक्य नव्हते. त्याहून मूलभूत दोष असा की, दिवाण व मंत्री या कायदेमंडळाला उत्तरदायी नव्हते. त्यांना नेमणारे व काढणारे निजामच होते. विधिमंडळ होते, पण त्याच्या मताने शासन येत नव्हते आणि जातही नव्हते.

या परिस्थितीत प्रातिनिधिक निवडीचा सराव लोकचळवळीने केला. १९३७ मध्ये परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसची स्थापना होण्याच्या सुमारासच तिच्यावर बंदी आली आणि ऑक्टोबर १९३८ मध्ये गोविंदराव नानल यांच्या नेतृत्वाखाली पहिल्या तुकडीने सत्याग्रह केला. स्वामी रामानंद तीर्थ यांचे सार्वजनिक जीवन याच भूमीत घडले. १९२९ मध्ये ते हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेत आले. हे गाव किल्लारीपासून फार दूर नाही. पुढे त्यांनी अंबाजोगाईला शिक्षणकार्य केले. १९४६ मध्ये स्टेट काँग्रेसवरील बंदी उठल्यानंतर अध्यक्षपदासाठी स्वामीजी व बुर्गुला रामकृष्णराव यांच्यात लढत झाली आणि स्वामीजी निवडून आले. आपला नेता मत मोजून ठरवावा, ही रीत राज्यात येण्यापूर्वी चळवळीत आली होती, ही बाब लक्षणीय आहे.

पहिला टप्पा – जमावाच्या दडपणाखालील नियुक्ती :

१९४७ च्या जूनमध्ये निजाम मीर उस्मान अली खान यांनी स्वतंत्र राहण्याचा मनोदय जाहीर केला. १५ ऑगस्टला स्वामीजींना अटक झाली. भारत सरकारशी वाटाघाटी करण्याचे काम पंतप्रधान नवाब छतारी यांच्या शिष्टमंडळाकडे होते. ऑक्टोबरच्या अखेरीस जैसे थे कराराचा मसुदा निजामांच्या कार्यकारी मंडळापुढे आला आणि तेथे तो सहा विरुद्ध तीन मतांनी संमत झाला. हे मंडळ लोकनियुक्त नव्हते; तरीही तेथे मतदान होऊन एक निर्णय झाला होता.

तो निर्णय टिकला नाही. २७ ऑक्टोबरच्या रात्री शिष्टमंडळ दिल्लीस निघण्याच्या बेतात असताना इत्तेहादुल मुसलमीनच्या मोठ्या जमावाने सदस्यांच्या निवासस्थानांना वेढा घातला. या संघटनेचे अध्यक्ष कासिम रझवी हे लातूरला वकिली करणारे गृहस्थ होते. शिष्टमंडळ जाऊ शकले नाही, छतारींनी राजीनामा दिला, नवे शिष्टमंडळ नेमले गेले आणि नोव्हेंबर १९४७ च्या अखेरीस मीर लायक अली पंतप्रधान झाले. करार शेवटी २९ नोव्हेंबरला झालाच. बदलला तो राज्याचा शासनप्रमुख, आणि तो मतांनी बदलला नव्हता.

निवड निजामांच्या फर्मानाने झाली असली तरी ती घडवून आणणारी शक्ती रस्त्यावर होती. या शासनाला जाब विचारण्याची जागा कोणती होती? याचे उत्तर १९४८ मध्ये मराठवाड्याने पाहिले. लायक अली मंत्रिमंडळातील सदस्य जे. व्ही. जोशी यांनी परभणी व नांदेड जिल्ह्यांतील रझाकारांचे अत्याचार स्वतः पाहिल्यानंतर राजीनामा दिला. मंत्र्याच्या हाती एवढेच होते. ज्या सभागृहापुढे हा प्रश्न मांडून शासन खाली खेचता येईल असे सभागृहच नव्हते. लोकांसमोर पळून जाणे, सोसणे किंवा शस्त्र उचलणे एवढेच पर्याय उरले. सरहद्दीवरील कॅम्प व जानेवारी १९४८ मधील उमरी बँकेवरील कारवाई यांकडे या दृष्टीनेही पाहता येते. जेथे शासन मताने बदलत नाही, तेथे ते बदलण्याचे अन्य मार्ग शोधले जातात.

दुसरा टप्पा – लष्करी प्रशासन :

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्याची कारवाई सुरू झाली. १७ सप्टेंबरला लायक अली मंत्रिमंडळाने राजीनामा दिला व निजामांनी शस्त्रसंधी जाहीर केली. मेजर जनरल जे. एन. चौधरी हे लष्करी राज्यपाल झाले. ही नियुक्ती भारत सरकारची होती आणि उत्तरदायित्वही दिल्लीकडेच होते.

या टप्प्याचे मूल्यमापन करताना दोन्ही बाजू नोंदविणे इतिहासाच्या अभ्यासकाचे कर्तव्य ठरते. एकीकडे रझाकारांच्या दहशतीतून जनता मुक्त झाली. १९४९ मध्ये जहागिरी रद्द करण्याचा मोठा निर्णय याच प्रशासनाने अमलात आणला. दुसरीकडे पोलीस कारवाईनंतरच्या दिवसांत अनेक ठिकाणी मुस्लिम समाजावर सूड उगविला गेला. भारत सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर व नांदेड या चार जिल्ह्यांत सर्वाधिक हानी झाल्याचे नमूद केले आणि एकूण मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला. हा अहवाल अनेक दशके प्रसिद्ध झाला नाही. चारपैकी दोन जिल्हे मराठवाड्यातील होते आणि उरलेल्या बिदर जिल्ह्याचा काही भागही १९५६ नंतर मराठवाड्यात आला. आपल्या परिसराच्या इतिहासातील हे दुखरे पान आहे आणि रझाकारांच्या अत्याचारांइतक्याच प्रामाणिकपणे ते वाचले गेले पाहिजे.

निबंधाच्या विषयाशी याचा थेट संबंध आहे. रझाकारांचे अत्याचार सोसलेल्यांना १९४८ च्या उन्हाळ्यात जे सभागृह नव्हते, तेच सप्टेंबरनंतर होरपळलेल्यांनाही नव्हते. सत्ता बदलली होती, परंतु सत्तेला प्रश्न विचारण्याची जागा अद्याप निर्माण झाली नव्हती.

तिसरा टप्पा – नियुक्त मुख्यमंत्री :

२३ नोव्हेंबर १९४९ च्या फर्मानाने निजामांनी भारतीय संविधान हैदराबाद राज्यास लागू करण्यास मान्यता दिली. लष्करी प्रशासन संपले आणि २६ जानेवारी १९५० पासून निजाम राजप्रमुख व सनदी अधिकारी एम. के. वेल्लोडी मुख्यमंत्री झाले. मुख्यमंत्री हे पद आले, पण ज्या विधानसभेच्या बळावर ते उभे राहावयाचे ती विधानसभा नव्हती. जून १९५० मध्ये बुर्गुला रामकृष्णराव, विनायकराव विद्यालंकार, फुलचंद गांधी व व्ही. बी. राजू या काँग्रेस नेत्यांचा मंत्रिमंडळात समावेश झाला. फुलचंद गांधी उस्मानाबाद जिल्ह्यातील कार्यकर्ते होते. विनायकराव हे केशवराव कोरटकरांचे पुत्र. अर्थात हे मंत्रीही निवडून आलेले नव्हते, नेमलेले होते.

कुळांना संरक्षण देणारा १९५० चा कायदा याच काळातला. येथे एक अवघड प्रश्न उपस्थित होतो. जहागिरींचे उच्चाटन व कुळकायदा या दोन्ही मूलगामी सुधारणा लोकनियुक्त नसलेल्या शासनांनी केल्या. मग निवडून आलेल्या नेत्याची निकड काय होती? कार्यक्षम प्रशासक पुरेसा नव्हता काय?

याचे उत्तर तेलंगणातील घटनाक्रमात सापडते. तेथील कम्युनिस्टांचा सशस्त्र लढा निजामांविरुद्ध सुरू झाला, तो पोलीस कारवाईनंतर भारत सरकारविरुद्धही चालू राहिला आणि ऑक्टोबर १९५१ मध्ये, सार्वत्रिक निवडणुकीच्या तोंडावर, मागे घेण्यात आला. हुकमाने जमीन मिळू शकते, पण हुकमावर विश्वास ठेवावा असे कोणाला वाटत नाही. कारण एका हुकमाने दिलेले दुसऱ्या हुकमाने काढून घेता येते. लढा थांबविण्यास लष्करी दबाव, पक्षांतर्गत मतभेद अशी अन्य कारणेही होती. परंतु शस्त्र खाली ठेवणाऱ्याला जाण्यासाठी एक जागा उपलब्ध झाली होती, हे कारण दुर्लक्षून चालणार नाही. ती जागा म्हणजे विधिमंडळ.

चौथा टप्पा – मार्च १९५२ :

प्रौढ मताधिकारावर आधारलेल्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत हैदराबाद विधानसभेच्या १७५ जागांपैकी काँग्रेसला ९३, पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटला ४२, समाजवादी पक्षाला ११, शेतकरी कामगार पक्षाला १० व शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनला ५ जागा मिळाल्या. उर्वरित १४ अपक्ष होते. निम्म्याहून अवघ्या काही जागा अधिक असलेला सत्तारूढ पक्ष आणि कालपर्यंत भूमिगत असलेल्यांचा प्रबळ विरोधी पक्ष, असे हे सभागृह होते. याच निवडणुकीत नलगोंडा मतदारसंघातून लोकसभेवर गेलेल्या रावी नारायण रेड्डी यांना पंडित नेहरूंपेक्षाही अधिक मते मिळाली.

काँग्रेस विधिमंडळ पक्षाने बुर्गुला रामकृष्णराव यांना नेता निवडले आणि ६ मार्च १९५२ रोजी त्यांनी मुख्यमंत्रिपदाची सूत्रे स्वीकारली. तेलुगू मातृभाषा असलेले बुर्गुला पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाचे विद्यार्थी होते. दिगंबरराव बिंदू, विनायकराव विद्यालंकार, देवीसिंग चौहान हे मराठी भाषक नेते मंत्रिमंडळात आले. काशिनाथराव वैद्य विधानसभेचे अध्यक्ष झाले, तर विरोधी पक्षाचे नेतृत्व व्ही. डी. देशपांडे यांच्याकडे आले. संग्रामाचे अग्रणी स्वामी रामानंद तीर्थ मात्र गुलबर्ग्यातून लोकसभेवर गेले व राज्याच्या सत्तेबाहेर राहिले. स्टेट काँग्रेसमधील दोन गटांचा जुना संघर्ष यामागे होता. संग्रामाचा नेता आणि राज्याचा नेता एकच असावा असा नियम लोकशाहीत नसतो, याचा प्रत्यय येथे येतो.

आता एका बाबीकडे विशेष लक्ष वेधावेसे वाटते. संविधानानुसार मुख्यमंत्र्यांची नियुक्ती राजप्रमुखांनी करावयाची होती, आणि राजप्रमुख होते मीर उस्मान अली खान. नोव्हेंबर १९४७ मध्ये ज्यांच्या फर्मानाने लायक अली पंतप्रधान झाले, त्यांच्याच नावाने मार्च १९५२ मध्ये बुर्गुला मुख्यमंत्री झाले. नियुक्ती करणारा हात तोच होता. त्या हाताला वळण देणारी शक्ती पालटली होती. १९४७ मध्ये ती जमावाच्या दहशतीत होती, १९५२ मध्ये ती ९३ आमदारांच्या पाठिंब्यात आणि त्यामागील लक्षावधी मतदारांच्या मतांत होती. हैदराबादेतील क्रांती कशात होती, याचे याहून नेमके उदाहरण सापडणे कठीण.

तुलना व मर्यादा :

विधिमंडळाने राज्यप्रमुख निवडण्याची प्रथा जगाच्या इतिहासात जुनी आहे. अमेरिकन राज्यक्रांतीत व्हर्जिनियाच्या प्रतिनिधींच्या परिषदेने (कन्व्हेन्शनने) २९ जून १७७६ रोजी पॅट्रिक हेन्री यांना ६० मतांनी गव्हर्नर निवडले. प्रतिस्पर्धी थॉमस नेल्सन यांना ४५ मते पडली. राजाने नेमलेल्या गव्हर्नरांचा अनुभव ताजा असल्याने त्यांनी हे पद जाणीवपूर्वक दुर्बल ठेवले आणि त्याची मुदत एका वर्षाची केली. भारतीय संविधानाने निराळा मार्ग पत्करला. येथे विधानसभा मुख्यमंत्र्यांसाठी मतदान करीत नाही. नियुक्ती राज्यपाल (तत्कालीन 'ब' वर्ग राज्यांत राजप्रमुख) करतात आणि मंत्रिमंडळ विधानसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार असते. नेत्याची प्रत्यक्ष निवड बहुमतवाल्या पक्षाच्या आमदारांच्या बैठकीत होते. व्हर्जिनियाने वर्षाची मुदत घालून जे साधले, ते आपण अविश्वासाच्या ठरावाची टांगती तलवार ठेवून साधले.

या व्यवस्थेच्या मर्यादाही आरंभापासून दिसतात. पहिली मर्यादा अशी की, निर्णायक निवड सभागृहात न होता पक्षाच्या बंद बैठकीत होते. दुसरी मर्यादा घटनात्मक होती. मूळ अनुच्छेद ३७१ प्रमाणे 'ब' वर्ग राज्यांची सरकारे दहा वर्षांपर्यंत राष्ट्रपतींच्या सर्वसाधारण नियंत्रणाखाली होती. म्हणजे निवडून आलेले शासनही दिल्लीच्या निर्देशांना बांधलेले होते. तिसरी मर्यादा वारशाची होती. सप्टेंबर १९५२ मध्ये बाहेरून आलेल्या नोकरवर्गाविरुद्ध मुल्की आंदोलन भडकले व हैदराबाद शहरात गोळीबार झाला. या असंतोषाची बीजे १९४८ नंतरच्या प्रशासकीय काळात होती. झळ मात्र सहा महिन्यांच्या लोकनियुक्त सरकारला बसली. फरक इतकाच, आणि तो मोठा आहे, की या वेळी जाब विचारण्यासाठी सभागृह होते, अध्यक्षांच्या आसनावर व विरोधी बाकांवर लोकांनी निवडून दिलेली माणसे होती.

१९५६ : मतमोजणी झालेली निवड

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे विसर्जन झाले व मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. तत्पूर्वी ऑक्टोबरमध्ये नव्या राज्याच्या काँग्रेस विधिमंडळ पक्षाचा नेता निवडावयाचा होता. संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीने वातावरण तापलेले होते. मुंबईत गोळीबारात माणसे बळी गेली होती. मोरारजी देसाई यांनी स्पर्धेत न उतरण्याचे ठरविले आणि यशवंतराव चव्हाण व भाऊसाहेब हिरे यांच्यात सरळ लढत झाली. चव्हाणांना ३३३ व हिरे यांना १११ मते मिळाली. हे आकडे महाराष्ट्राच्या राजकीय इतिहासात वारंवार उद्धृत होतात, ते केवळ चव्हाणांच्या विजयामुळे नव्हे. अत्यंत प्रक्षुब्ध काळात प्रश्न मोजलेल्या मतांनी सुटला आणि पराभूत पक्षाने तो निकाल स्वीकारला, हे त्यांचे खरे महत्त्व आहे. नऊ वर्षांपूर्वी सहा विरुद्ध तीन मतांचा निर्णय एका रात्रीत जमावाने उलथवून टाकला होता, याची आठवण ठेवली तर या अंतराची कल्पना येते.

पुढे मराठवाड्यातून शंकरराव चव्हाण (१९७५), शिवाजीराव पाटील निलंगेकर (१९८५), विलासराव देशमुख (१९९९) व अशोक चव्हाण (२००८) हे मुख्यमंत्री झाले. ज्या भूमीला १९४७ मध्ये शासनप्रमुखाच्या निवडीत कोणताही अधिकार नव्हता, तिने राज्याला चार मुख्यमंत्री दिले. मात्र याच दशकांत विधिमंडळ पक्षाच्या बैठकीत 'निर्णयाचे सर्वाधिकार पक्षश्रेष्ठींना' देणारा एका ओळीचा ठराव करण्याची प्रथाही रूढ झाली. ३३३ विरुद्ध १११ अशी मोजणी त्यामुळे अपवादात्मक ठरली.

निष्कर्ष :

१) हैदराबाद राज्यात १९४७ ते १९५२ या काळात शासनप्रमुख ठरविण्याच्या चार रीती आढळतात : जमावाच्या दडपणाखालील फर्मान, लष्करी नियुक्ती, प्रशासकीय नियुक्ती व विधिमंडळातील बहुमत. मुक्तिसंग्रामाचे मूळ ध्येय चौथ्या टप्प्यावर, म्हणजे ६ मार्च १९५२ रोजी साध्य झाले.

२) लोकनियुक्त नेता अधिक कर्तबगार असतोच असे इतिहास सांगत नाही. महत्त्वाच्या सुधारणा नियुक्त शासनांनीही केल्या. विधिमंडळाच्या मताने नेता निवडण्याचे मोल त्याला प्रश्न विचारण्याच्या व प्रसंगी दूर करण्याच्या अधिकारात आहे. १९४८ मध्ये हा अधिकार नव्हता, त्याची किंमत आपल्या जिल्ह्यांतील सर्व समाजांनी मोजली.

३) नियुक्तिपत्रावरील सही राजप्रमुखाची असो वा राज्यपालाची, तिचा आधार आमदारांच्या मोजलेल्या मतांत असतो. ते मत मोजण्याचीच गरज वाटेनाशी झाली, तर सही पुन्हा फर्मानाच्या दिशेने सरकू लागते.

१७ सप्टेंबरला आपण मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन साजरा करतो. तो करावयासच हवा. त्याबरोबर ६ मार्च १९५२ ही तारीखही आपल्या अध्यापनात यावी, एवढीच अपेक्षा. पहिल्या दिवशी राज्य निजामाच्या हातून सुटले, दुसऱ्या दिवशी ते लोकांच्या हाती आले, आणि या दोन घटना एक नव्हेत, हे विद्यार्थ्यांना समजावून देणे इतिहासाच्या शिक्षकाचे काम आहे.